वरण गोठलं तो हिवाळा

माघ सरता सरता अकोल्याच्या बाजारात नवी करडई येते. पांढरी, गुळगुळीत, मुठीत घेतली तर थंडगार लागते. जठारपेठेतल्या आमच्या वाण्याकडे आता ती पोत्यात दिसत नाही. तिथं तेलाच्या बाटल्याच मांडलेल्या असतात आणि बऱ्याच बाटल्यांवर लाल बदामाचं चित्र असतं. हे तेल हृदयाला चांगलं, ते तेल त्याहून चांगलं. माझा नातू व्यायामशाळेत जातो. तो बाटलीवरची बारीक अक्षरं वाचून दाखवतो, आणि मी ती बाटली उजेडात धरून तिरकी करते, तळाशी काही बसलंय का ते बघते, झाकण हुंगते. वाणी हसतो. ‘‘आजी, सीलबंद आहे,’’ म्हणतो. सीलबंद आहे म्हणूनच तर संशय येतो, हे त्याला कसं सांगायचं?

ही सवय मला माहेरी नव्हती. माझे वडील जठारपेठेत राहणारे साधे शाळामास्तर. पानात येईल ते खायचं आणि उठायचं, असं आमचं घर. सवय लागली ती सासरी, अमरावतीला, लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात. साठ-एकसष्ट साल असावं. तेव्हापासून थंडी पडू लागली, कढईत मोहरी तडतडली, की माझं नाक आपोआप ताठ होतं. फोडणी कशाची आहे, हे मी अजूनही आधी हुंगते आणि मग जेवते.

माझे सासरे वकील. आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो आणि सासूला आत्याबाई. घरात त्या दोघांशिवाय मी आणि कॉलेजात शिकवणारे माझे यजमान, एवढीच माणसं. मामंजी कोर्टात शुद्ध बोलत आणि घरी आले की कोटाबरोबर ती भाषाही खुंटीला टांगून ठेवत. आत्याबाईंची एकच भाषा होती, घरीदारी तीच. आणि त्यांचं तूप सगळ्या आळीत ठाऊक होतं. लोणी कढायला ठेवलं की त्या पाटावर बसून राहत, कुणी हाक मारली तरी उठत नसत. बुडबुड्यांचा आवाज बदलतो, आधी फसफस, मग बारीक कुरकुर, मग एकदम शांत. त्या शांततेच्या क्षणी त्या विड्याचं पान आत सोडत आणि पातेलं उतरवत. तो वास ओसरीवरून अंगणात जाई, अंगणातून रस्त्यावर. पक्षकार ओसरीवर बसलेले असत, ते बोलता बोलता थांबत.

मामंजींच्या पानात वरणभातावर जे तूप पडे त्याला धार म्हणणंही कमीच. भाताच्या मुदीत बोटानं खळगा करायचा, तो भरून वाहिला की थांबायचं. भाकरीवर तूप, खिचडीवर तूप, गोवऱ्यांवर भाजलेला रोडगा फोडून त्याच्या पोटात तूप. मामंजींनी कधी ‘‘पुरे’’ म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. आत्याबाईंनी कधी विचारलंही नव्हतं. नवरा-बायकोत त्या काळी फारसं बोलणं नसेच. त्या दोघांचं जे काही बोलणं होतं ते त्या तुपाच्या चमच्यातून होत असावं, असं मला पुढं वाटू लागलं.

मार्गशीर्षात एक दिवस मामंजींना कोर्टाच्या व्हरांड्यातून धरून आणलं. युक्तिवाद करताना छातीत कळ आली, डावा हात जड झाला, घामानं सदरा भिजला. घरी आणलं तेव्हा चेहरा चुन्यासारखा झाला होता. डॉक्टर तरुण होता, मुंबईहून शिकून नुकताच आलेला. त्यानं नळी लावली, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला, आणि बाहेर येऊन आम्हा तिघांना समोर उभं केलं.

‘‘या वेळी थोडक्यात निभावलं,’’ तो म्हणाला. ‘‘महिनाभर विश्रांती. तूप बंद. डब्यातलं वनस्पती तूप तर अजिबात नाही. करडईचं तेल वापरा, तेही बेतानं. आणि बरं वाटू लागलं की रोज चालायचं. थोडं थोडं, पण रोज.’’

आत्याबाईंनी विचारलं, ‘‘म्हणजे वरणावर बी नाही?’’

‘‘वरणावरसुद्धा नाही, काकू.’’

त्या पदर खोचून आत गेल्या. मी मागं गेले तर फडताळापुढं उभ्या होत्या, तुपाच्या बरणीवर हात ठेवून.

मामंजी पडून ऐकत होते. चालायचं ते त्यांना ऐकू गेलं की नाही, देव जाणे. तेलाचं मात्र गेलं. डॉक्टर फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच त्यांनी मला हाक मारली.

‘‘सुनबाई, तुमच्या अकोल्यात तेलाच्या मिला लई. या पोराच्या सासऱ्याची एखादी आहे का, विचारून पाहाय बरं बाबाले.’’

माझे वडील भेटीला आले तेव्हा त्यांनी खरंच चौकशी करून आणली होती. डॉक्टरचे सासरे रेल्वेत, मूर्तिजापूरला होते. तेलाशी त्यांचा काही संबंध नव्हता. मामंजी उशीला टेकून ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘‘मंग साळ्याची असन.’’

आज हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. रोज खटल्यात बुडालेला माणूस महिनाभर घरात पडून राहिला, त्याच्याजवळ ना फाइल ना पक्षकार. मग घरच त्याचं कोर्ट झालं. पौषातल्या त्या दिवसांत आमच्या स्वयंपाकघरातली प्रत्येक वस्तू साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी होती. बाजारातून करडईचं तेल आणलं की मामंजी कागदावर थेंब टाकून डाग कसा पसरतो ते बघत. बोटावर घेऊन चाटत. वात भिजवून लावत आणि ज्योतीकडं टक लावून बसत. ‘‘सरकी मिसळून राह्यले साले,’’ म्हणत. आपल्या मुलखात सरकी म्हणजे ढोरांचं खाणं, तिचं तेल माणसांच्या भाजीत पडणं हा त्यांना स्वतःचा अपमान वाटे.

त्यात कुणीतरी येऊन सांगून गेलं की कुठल्याशा गावात तेलात पिवळ्या धोत्र्याचं बी मिसळलं होतं आणि खाणाऱ्यांचे पाय सुजले. गावाचं नाव सांगणाऱ्यालाही माहीत नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून मामंजी उठल्या उठल्या नडगीवर अंगठा दाबून खड्डा पडतो का ते पाहू लागले. मग यजमानांना पाय पुढं करायला लावलं. मग मला.

‘‘मामंजी, माझे पाय चांगले आहेत.’’

‘‘ते तू नको ठरवू. दाब अंगठा. दाबला? आता सोड. उठला का वर?’’

‘‘उठला.’’

‘‘लगेच उठला की दमानं?’’

अंगणातल्या कोवळ्या उन्हात उभं राहून, सासऱ्यासमोर लुगडं बोटभर वर धरून मी माझीच नडगी दाबत होते. लाजेनं मेले होते. पण खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मी आंघोळीच्या वेळीही पाय दाबून बघायला लागले. संशय असा असतो. तो दुसऱ्याच्या घरचा म्हणून हसता येत नाही, आपल्याही घरात येऊन बसतो.

आणि मग ती वाटी.

करडईचं तेल थंडीत गोठत नाही. तूप गोठतं, वनस्पती तर हमखास गोठतं. हे मामंजींना कुठून कळलं कोण जाणे, पण कळलं. त्यांनी कुणाला न सांगता सकाळच्या जेवणातलं वरण एका वाटीत काढून ठेवलं आणि संध्याकाळी ती वाटी परसातल्या पाण्याच्या हौदाच्या काठावर, वर ताटली झाकून ठेवून दिली. पौषातली थंडी. सकाळी हौदाच्या पाण्यात हात घातला तर बोटं बधिर व्हायची. उजाडलं तसे मामंजी शाल पांघरून परसात गेले आणि वाटी घेऊन थेट स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी चुलीत काटक्या सारत होते. आत्याबाई पीठ मळत होत्या.

‘‘वरणात काय टाकलं होतं काल?’’

‘‘वरणात डाळ टाकली होती,’’ आत्याबाई म्हणाल्या.

‘‘मंग हे वर काय गोठलं?’’

वाटीत वरणावर पिवळसर रवाळ साय धरली होती. मी पाहिली. ते तूपच होतं, आत्याबाईंचंच, तसा दाणा दुसऱ्या कुणाच्या तुपाला पडत नसे. आत्याबाईंनी हात पिठातून काढला नाही. मानही वर केली नाही.

‘‘तूप आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चमचाभर. घोटून टाकलं होतं, वास येऊ नये म्हणून.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘पहिल्या दिवसापासून.’’

‘‘डाक्टर काय बोलला ते ऐकलं नोतं?’’

‘‘ऐकलं होतं. पण कोरडं वरण वाढाले गेली की सुतकातलं पान वाढून राहिली असं वाटते मले. मी नाही वाढू शकत तसं.’’

आता कुणी असं बोललं तर समोरच्याचे डोळे भरून येतील. पण मामंजी घाबरले होते. घाबरलेल्या माणसाला असलं काही ऐकू येत नाही. ते म्हणाले, ‘‘म्हणजे तू मले मारून राहिली.’’

चुलीत काटकी फुटली. आत्याबाईंनी कणकेचा गोळा परातीत ठेवला, हात धुतले, पदराला पुसले. तुपाची बरणी फडताळातून काढून ओट्यावर ठेवली. फडताळाची किल्ली माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, ‘‘सुनबाई, आजपासून तू रांध.’’ मग मागच्या पडवीत जाऊन बसल्या.

त्या दिवसापासून आत्याबाई स्वयंपाकघरात आल्या नाहीत आणि मामंजींशी बोलल्या नाहीत. रुसवेफुगवे सगळ्याच घरांत असतात. हे तसं नव्हतं. आदळआपट नाही, रडणं नाही. त्या पडवीत वाती वळत, धान्य निवडत, तुळशीला पाणी घालत. मी वाढलेलं पान मुकाट्यानं जेवत. इतक्या वर्षांच्या संसारात ज्या एका गोष्टीत त्यांना कुणी बोट दाखवलं नव्हतं, तिलाच नवऱ्यानं विष म्हटलं होतं. त्यांनी काय करावं?

आणि मी दोघांच्या मधे. पुढून मामंजी दारात खुर्ची टाकून बसलेले, माझ्या हातातल्या पळीवर नजर. मागून पडवीतून आत्याबाईंचा कान. फोडणी घातली की पडवीतली जात्याची घरघर थांबायची. मोहरी पुरती तडतडायच्या आत हळद पडली तर पडवीतून खाकरल्याचा आवाज. डाळीच्या पिठाचे गोळे घालून गोळाभात केला त्या दिवशी वरून ओतायची फोडणी मी इतक्या भीतभीत केली की गोळे कोरडे राहिले, घशाखाली उतरेनात. मामंजी म्हणाले, ‘‘तेल वाचवून राहिली का दुसऱ्या कशासाठी?’’ दुसऱ्या कशासाठी म्हणजे कशासाठी, हे मला आजवर कळलेलं नाही. यजमान या सगळ्यातून लवकर कॉलेजात जात आणि उशिरा परत येत. त्यांना मी दोष देत नाही. मलाही जाता आलं असतं तर मीही गेले असते.

माघ लागला. मामंजींना हिंडण्याफिरण्याची परवानगी मिळाली. बाजारच्या तेलावरचा त्यांचा विश्वास तोवर पार उडाला होता. बडनेऱ्याच्या रस्त्याला, वस्ती संपल्यावर आत वळलं की गुलाबराव नावाच्या एका तेल्याची बैलाची घाणी होती. मामंजींनी ठरवलं की करडई आपण घ्यायची, आपल्या डोळ्यांदेखत गाळून घ्यायची, आणि तेच तेल खायचं.

पहिल्या दिवशी ते टांग्यानं गेले. परत आले ते अस्वस्थ होऊन. टांग्याची घंटा फार लांबून ऐकू जाते, त्यामुळं गुलाबरावाला सावध व्हायला वेळ मिळतो, असं त्यांचं म्हणणं. आपण पोचलो तेव्हा तो नुकताच काहीतरी झाकून हात पुसत होता. टांगेवालाही त्यालाच सामील असेल, कोणी सांगावं? तेव्हा टांगा बंद. दुसऱ्या दिवसापासून मामंजी पायी निघाले. ज्या माणसाला कोपऱ्यावरच्या पोस्टात जायलाही टांगा लागे तो डोक्याला मफलर बांधून, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात कडीची बरणी घेऊन, दबक्या पावलांनी बडनेऱ्याच्या रस्त्यानं चालला. धडधाकट माणसाला अर्ध्या तासाची वाट. त्यांना सुरुवातीला दुप्पट वेळ लागे. मैलाच्या दगडावर बसायचं, दम खायचा, पुन्हा उठायचं.

एकदा जाऊन काम भागेना. घाणीचं तेल गढूळ असतं, गाळ तळाशी बसायला काही दिवस जावे लागतात. भांडं गुलाबरावाच्या घरी ठेवायचं म्हणजे रान मोकळं! म्हणून मामंजींनी भांड्याच्या तोंडाला फडकं बांधलं, गाठीवर लाख ओतली आणि तिच्यावर आपल्या अंगठीचा ठसा उमटवला. आणि तो ठसा शाबूत आहे का, हे बघायला ते रोज जाऊ लागले. एक भांडं निवळेपर्यंत दुसरं गाळायला घेतलेलं असे. त्यामुळं खंड असा पडायचाच नाही.

गुलाबरावाची गत वेगळीच. वकील रोज येतो, गोणपाटावर बसतो, बैल किती फिरला ते बघतो, चहा दिला तर पीत नाही. त्याला वाटलं आपल्या जागेवर कुणीतरी दावा लावला आणि हा गुपचूप पाहणी करतोय. त्यानं घाणीभोवती झाडून सारवून घेतलं, बैलाच्या गळ्यात नवी माळ घातली. शेवटी न राहवून त्यानं हात जोडले. ‘‘साहेब, काय गुन्हा झाला ते तं सांगा. मी अंगठा कुठंबी मारतो.’’ मामंजींनी त्याच्याकडं बघून मान हलवली आणि घरी येऊन मला म्हणाले, ‘‘काहीतरी केलं त्यानं. त्याशिवाय अंगठा मारायची भाषा करते का माणूस?’’

महिना होत आला तसा मामंजींच्या तोंडावर फरक दिसू लागला. गालांवर रंग आला. पोटावरची गुंडी सुखानं लागू लागली. सकाळी परत आल्यावर ते गुणगुणत. आणि मग एक दिवस पडवीतून हाक आली. कित्येक दिवसांनी आत्याबाई आपणहून काही बोलत होत्या.

‘‘सुनबाई, इकडं ये. तेयचा कोट काढून ठेवलाय खुंटीले?’’

‘‘हो.’’

‘‘हुंगून पाहाय.’’

‘‘काय हुंगू, आत्याबाई?’’

‘‘बेसनाचा वास येते का ते. बडनेऱ्याच्या रस्त्याले भज्याचं दुकान आहे. डालड्यात तळते तो मेला, मले माहीत आहे. कोरड्या भाजीवर कोनाच्या तोंडावर असं तेज येत नसते.’’

मी कोट हुंगला. घामाचा आणि घाणीवरच्या ढेपेचा वास येत होता. तसं सांगितलं. त्यांचं समाधान झालं नाही. त्या स्वतः आल्या, कोटाचे खिसे उलटे केले, हाताचं बोट खिशाच्या शिवणीतून फिरवून तेलकट लागतंय का ते पाहिलं. मग पडवीत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मामंजी फाटकाबाहेर पडले आणि थोड्या वेळानं आत्याबाई वहाणा घालून, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन त्यांच्या मागं निघाल्या. मला काही विचारलं नाही, सांगितलं नाही. पुढचं त्यांनीच मला सांगितलं, खूप वर्षांनी, शेंगा फोडता फोडता. मामंजी पुढं, त्या मागं, मधे बरंच अंतर. भज्याच्या दुकानाशी मामंजी थांबले. आत्याबाई कडुनिंबाच्या आड झाल्या. मामंजींनी मफलर सोडून पुन्हा बांधला आणि पुढं निघाले. तेवढ्यात मागं वळून पाहिलं.

‘‘तू कुठं?’’

‘‘रस्ता सरकारचा आहे,’’ आत्याबाई म्हणाल्या.

वाटीनंतरचं त्यांचं एकमेकांशी ते पहिलं बोलणं. मामंजी उभे राहिले. मग म्हणाले, ‘‘मले पाहाले आली?’’

‘‘हो. भजे खाता का ते पाहाले आली.’’

‘‘मंग पाहाय. पण मागून काय दिसते? जवळून पाहाय.’’

त्यानंतर ते दोघं रोज जाऊ लागले. एकमेकांवर नजर ठेवायला, असंच त्यांचं दोघांचंही म्हणणं होतं. त्या काळी अमरावतीत वकिलानं बायकोला घेऊन रोज सकाळी रस्त्यानं पायी जायचं म्हणजे नवलच. देवळात नाही, लग्नाला नाही, मग कुठं? लोक फाटकातून माना काढून बघत. कॉलेजात यजमानांना विचारणा होई आणि ते मला म्हणत, ‘‘काय सांगू? आई-बाबा तेलावर पहारा करायला जातात म्हणून सांगू?’’ कुणी म्हणे घराण्यात वाटणी चाललीय, कुणी म्हणे जमीन घेतायत, म्हणूनच बाई बरोबर लागते. खरं कुणालाच पटलं नसतं.

आणि घाणीवर गेल्यावर काय होई? आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर करडई फुंकून गुलाबरावाच्या पुढ्यात धरली. ‘‘हे खडे पाखडाले काय झालं रे तुले?’’ मामंजी इतके दिवस फक्त तेलाकडं बघत होते, बियांकडं त्यांनी पाहिलंच नव्हतं. त्यांना बायकोचा पहिल्यांदा अभिमान वाटला असावा. त्या दिवसापासून दोघं एका बाजूला आणि गुलाबराव दुसऱ्या बाजूला. तो बिचारा म्हणाला, ‘‘एक होतं तं बरं होतं.’’

घरी परत येताना त्यांचं बोलणं गुलाबरावाच्या लबाडीवरच चाले. फाटकातून शिरतानाही ते चालू असायचं. मी स्वयंपाकघरातून ऐके. त्यांच्या तोंडून एकमेकांशी सलग एवढी वाक्यं मी तोवर ऐकली नव्हती. संशय घ्यायला तिसरा माणूस सापडला आणि त्यांना बोलायला विषय मिळाला. कडू तोंडात बडीशेप टाकल्यासारखं घर जरा बरं वाटू लागलं. आत्याबाई हळूहळू स्वयंपाकघरातही आल्या. किल्ली मात्र त्यांनी परत मागितली नाही. मी एकदा पुढं केली तर म्हणाल्या, ‘‘राहू दे.’’

होळीला पुरण घातलं. पोळीवर तूप वाढायचं की नाही, ते माझ्याच्यानं ठरेना. आत्याबाई स्वतः वाढायला आल्या, दुधाची वाटी घेऊन. मामंजी पानाकडं बघत राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, ‘‘सणाचा एक थेंब वाढला तं चालन.’’

‘‘थेंब वाढाले मी अत्तरवाली आहे का?’’ आत्याबाई म्हणाल्या. ‘‘दूध घ्या.’’

त्यांनी घेतलं. पोळी दुधात कुस्करली आणि खाल्ली. आत्याबाई नंतर माझ्याबरोबर जेवायला बसल्या तेव्हा त्यांनीही दूधच घेतलं.

डॉक्टरनं तपासलं तेव्हा खूश झाला. वजन उतरलं होतं, रक्तदाब उतरला होता. ‘‘बघा, तेलानं केवढा फरक पडला,’’ तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, ‘‘चालता ना रोज?’’ मामंजी म्हणाले, ‘‘चालाले वेळ कुठं आहे? तेल आणाले जा लागते.’’ डॉक्टर हसायला लागला आणि बराच वेळ हसत राहिला. तो गेल्यावर मामंजी म्हणाले, ‘‘हसून काहून राह्यला? मी सांगतो, साळ्याची मिल आहे.’’

मामंजी त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले, कोर्टातही गेले, नातवंडांना खांद्यावर घेतलं. कशानं जगले, ते मला ठरवता येत नाही. तेलानं म्हणावं तर त्याच तेलावर जगलेली आणि लवकर गेलेली माणसं मी पाहिली. चालण्यानं म्हणावं तर तसंही छातीठोक सांगता येत नाही. आता कुणी मला अमुक चरबी चांगली, तमुक वाईट असं बोट उगारून सांगू लागलं की मी ऐकून घेते. बदलही करते. आमच्या घरी आजही करडईच आहे, थोडं शेंगदाण्याचं, आणि पोळीला बोटभर तूप. पण सांगणाऱ्याकडं जरा निरखून बघते. आणि पानापुढं बसलेलं माणूस आणि वाढणारं माणूस एकमेकांशी बोलतात का, हेही बघते.

त्या फाल्गुनातली एक सकाळ अजून सांगायची राहिली. माझे वडील अकोल्याहून पहिल्या गाडीनं अचानक आले. यजमान कॉलेजात गेलेले. पाहुणा ओसरीवर बसलेला आणि घरधनी बाहेर, म्हणून वडील ज्या टांग्यानं आले त्याच टांग्यानं मी मामंजी-आत्याबाईंना बोलवायला निघाले. वस्ती संपली. आतल्या वाटेला टांगा जाईना, तिथं उतरून मी पायी चालू लागले. दोन्ही बाजूंना करडईची कापणी चालली होती. वाळलेली करडई म्हणजे नुसते काटे. कापणाऱ्या बायांनी हातापायांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. हवेत सुक्या पाल्याचा उष्ण, किंचित कडवट वास होता आणि ऊन चढू लागलं होतं.

बांधाशी वळले आणि थबकले. आत्याबाई बांधावर बसल्या होत्या. वहाण निघून बाजूला पडली होती. त्यांचा पाय मामंजींच्या मांडीवर होता. मामंजी खाली मातीत बसले होते, धोतराची फिकीर न करता, मान पार वाकवून त्यांच्या टाचेतला काटा काढत होते. हातात एरवी आत्याबाईंच्याच मंगळसूत्रात अडकवलेली असायची ती टाचणी. रस्त्यानं बाया भारे घेऊन जात होत्या, बघत होत्या, हसत होत्या. त्या दोघांनाही त्याचं काही नव्हतं. मी आमच्या घरात आत्याबाईंना मामंजींसमोर खुर्चीवर बसलेलंही कधी पाहिलं नव्हतं.

मला हाक मारायचं सुचलं नाही. मी करडईच्या गंजीआड उभी राहिले.

‘‘हळू,’’ आत्याबाई म्हणाल्या.

‘‘हलू नको मंग.’’

मग मामंजींनी अंगठा आणि बोट वर धरलं. ‘‘घे. निघाला.’’

‘‘पुरा निघाला?’’

‘‘पुरा.’’

‘‘दाखवा.’’

मामंजींनी तळहात पुढं केला. आत्याबाई वाकून बघू लागल्या, पण काटा बारीक असावा. त्यांनी हात लांबवला, मामंजींच्या नाकावरचा चष्मा अलगद काढून घेतला, आपल्या डोळ्यांवर चढवला, आणि त्यांचा तळहात दोन्ही हातांत धरून उन्हाकडं वळवून काटा नीट बघून घेतला.